भेसळ आणि कबुली

गेनमाइचा हा जपानी चहा पहिल्यांदा पाहणाऱ्याला आपण फसलो असे वाटले तर नवल नाही. पुडी उघडली की वळलेल्या हिरव्या पानांमध्ये भाजलेले तांदूळ दिसतात. काही दाणे तपकिरी, काही जरा करपलेले, मधूनच एखादा फुटून पांढरी लाही झालेला. वजनाने पाहिले तर साधारण निम्मा चहा आणि निम्मा तांदूळ. त्यावर कडकडीत पाणी ओतून अर्धा-एक मिनिट थांबले की पिवळसर हिरवा अर्क उतरतो. आधी भाजल्या धान्याचा वास येतो, पानांचा तुरटपणा मागाहून जिभेवर येतो. दूध नाही, साखर नाही. पाने निम्मी म्हणून कॅफीनही कमी, त्यामुळे जपानी घरांत तो जेवणाबरोबरही चालतो आणि संध्याकाळीही. माचा या जपानी चहाचे नाव आता आपल्याकडेही कानांवर पडू लागले आहे. गेनमाइचाची ओळख फारशी कोणाला नाही. त्याची ओळख करून घेताना पहिला प्रश्न मनात येतो तो सरळ आहे : चहाच्या भावात निम्मा तांदूळ विकणे ही भेसळ नव्हे काय? प्रश्न बाजारातला दिसतो, पण त्याचे मूळ धर्मात आहे. शुद्ध कशाला म्हणायचे, ते कशाने बाटते आणि बाटलेले परत शुद्ध कसे होते, या विचारात आपल्या धर्मशास्त्राने जितकी शाई खर्च केली तितकी क्वचितच दुसऱ्या कशावर केली असेल.

गेनमाइचाच्या जन्माची हकीकत एकच नाही. कोणी म्हणतात, महागडी पाने पुरवून वापरण्यासाठी गरिबांनी त्यांत तांदूळ घातला. कोणी सांगतात, नव्या वर्षाला केलेल्या तांदळाच्या मोचीचा चुरा वाया जाऊ नये म्हणून क्योतोच्या एका चहाविक्रेत्याने तो भाजून चहात मिसळला. दोन्ही हकीकतींत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे काटकसर. ग्योकुरोसारख्या उंची चहाच्या झुडपांवर तोडणीआधी सुमारे तीन आठवडे सावली धरतात आणि तो पन्नास-साठ अंशांच्या कोमट पाण्यातच उतरवतात. त्याच्या पंक्तीला गेनमाइचा बसत नाही, आणि विधिपूर्वक चहापानाच्या समारंभात त्याला स्थानही नाही. आपल्या चहाची गोष्ट याहून फार वेगळी नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मळेवाल्यांच्या संघटनेने रेल्वे स्थानकांवर आणि गिरण्यांमध्ये चहाचा प्रचार केला. विक्रेत्यांनी चहा उचलला, पण आपल्या पद्धतीने. दूध-साखर सढळ घातली, आले-वेलदोडे टाकले आणि पावडर कमी केली. पावडरीचा खप घटतो म्हणून प्रचारकांना हे रुचले नव्हते. त्यांच्या लेखी जो बिघाड होता तोच आज भारतीय चहा म्हणून जगभर विकला जातो. या दोन्ही पेयांवरून एक विधान करता येते : मिसळल्याने वस्तू अशुद्ध होत नाही, मिसळ लपवल्याने होते. शुद्धता पदार्थात शोधण्यापेक्षा देणारा आणि घेणारा यांच्या व्यवहारात शोधावी.

खानदेशात हे विधान पटवायला लांब जावे लागत नाही. इथल्या कळण्याच्या भाकरीचेच पाहा. ज्वारीत सालासकट अख्खे उडीद टाकून, मीठ घालून एकत्र दळून आणतात. प्रमाण घराघरांत वेगळे, पण उडीद चौथाईच्या आसपास. भाकरी ज्वारीच्या भाकरीहून काळपट होते, जराशी चिवट लागते, आणि ठेचा, कच्चा कांदा, वर शेंगदाण्याच्या तेलाची धार असली की तिला दुसरे काही लागत नाही. अहिराणीत जिला कयनानी भाकर म्हणतात तिला आजवर कोणी भेसळीची भाकरी म्हटलेले नाही. उडीद काढून घेतला तर ती जास्त शुद्ध होणार नाही, ती कळण्याची राहणारच नाही. दुसरा दाखला याहून मोलाचा आहे. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात आणि इथले सोने घ्यायला लोक दूरदूरच्या गावांहून येतात. पण चोवीस कॅरटचे निर्भेळ सोने इतके मऊ की त्याचा रोज वापरायचा दागिना टिकत नाही. म्हणून त्यात तांबे, चांदी असे दुसरे धातू घालावे लागतात. बावीस कॅरट म्हणजे चोवीस भागांत बावीस भाग सोने. हॉलमार्कवर ९१६ हा आकडा असतो त्याचा अर्थ हजारात नऊशे सोळा भाग सोने, उरलेले चौऱ्याऐंशी भाग दुसरे काही. ज्याच्या शुद्धतेची ग्वाही दिली जाते तो दागिना मिश्रणच आहे. ग्वाही सोने निर्भेळ असल्याची नाही, सांगितले तेवढेच सोने त्यात असल्याची आहे. सराफाची पत टिकते ती या कबुलीवर.

मग भेसळ म्हणजे नेमके काय? कौटिल्याने अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात धान्य, तेल, मीठ, सुगंधी द्रव्ये, औषधे यांत त्याच रंगाचा दुसरा पदार्थ मिसळणाऱ्याला बारा पण दंड सांगितला आहे. या नियमात वर्मावर बोट आहे. दंड आहे तो सारख्या रंगाच्या, म्हणजे डोळ्याला ओळखू न येणाऱ्या मिसळीला. हिरव्या पानांतला भाजलेला तांदूळ या कलमाखाली येत नाही, कारण तो लपत नाही. वापरून टाकलेली चहापावडर वाळवून, रंगवून पुन्हा पुडीत भरली तर ती येते. आणि गंमत अशी की त्या पुडीत चहाखेरीज फारसे काहीच नसते. खानदेशचा कापूस पाहिला तरी हेच दिसते. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६०च्या दशकात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा कापसात पाणी मारणे, सरकी आणि कचरा दडपणे, लांब धाग्याच्या गाठीत आखूड धागा घालणे असल्या लबाड्या मुंबई इलाख्यात इतक्या बोकाळल्या की १८६३ मध्ये त्यांच्या बंदोबस्तासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. पाणी काही घाण पदार्थ नव्हे. ते कापसाच्या भावाने विकले गेले म्हणून गुन्हा झाला. कॉफीत चिकोरी घालायला आज कायद्याची ना नाही. ती ठरावीक मर्यादेत असली पाहिजे आणि किती टक्के आहे हे पाकिटावर छापले पाहिजे, हे बंधन आहे.

अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे केले ते मुख्यतः शांकर अद्वैताच्या अभ्यासासाठी. त्या दर्शनाच्या भाषेतही हीच गोष्ट सांगता येते. शंकराचार्यांचे ब्रह्मसूत्रभाष्य अध्यासाच्या विवेचनाने सुरू होते : एका वस्तूच्या ठिकाणी दुसऱ्या वस्तूचा भास होणे म्हणजे अध्यास. अंधारात दोरी सर्प भासते. त्यात दोरीचा दोष नाही, पाहणाऱ्याचाही हेतू नाही. अज्ञान आहे, दिवा आणला की ते जाते. भेसळ करणारा मात्र दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे हा भास जाणूनबुजून उभा करतो आणि दिवा येणार नाही याची तजवीज करतो. म्हणून भेसळीचे पाप मिश्रणाच्या खात्यावर मांडता येत नाही, ते असत्याच्या खात्यावर जाते. बौद्धांच्या पंचशीलात, गांधीजींच्या एकादश व्रतांत तिला वेगळे कलम लागले नाही आणि जैनांनी तिला अस्तेय व्रताच्या दोषांतच गणले, याचे कारण हेच असावे.

यावर पहिला आक्षेप असा की, पदार्थाचा स्वतःचा गुण असतो तो कबुलीने कसा बदलेल? प्रामाणिकपणे दिलेले विष विषच राहते. १९३६च्या फैजपूर काँग्रेसने ज्यांच्या पावलांची आठवण खानदेशला दिली, त्या गांधीजींचा चहावरचा आक्षेप याच जातीचा होता. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या बंदिवासात लिहिलेल्या 'आरोग्याची किल्ली'त चहातल्या टॅनिनने कातडे कमावतात, तोच परिणाम जठराच्या अस्तरावर होतो, असे सांगून त्यांनी चहाऐवजी थोडे दूध-साखर घातलेले गरम पाणी सुचवले. गीतेचा सतरावा अध्यायही आहाराचे सात्त्विक, राजस, तामस असे भाग पदार्थाच्या गुणांवरूनच करतो, आणि त्यातल्या राजस आहाराच्या यादीत अतिउष्ण पदार्थ असल्याने वाफाळत्या चहाला तिथूनही सूट मिळत नाही. परंतु तोच अध्याय पुढे दानाकडे वळतो तेव्हा कसोटी बदलते. दान काय दिले यापेक्षा ते कोणत्या भावनेने, कुठे, केव्हा, कोणाला दिले आणि बदल्यात काही हवे होते का, हे तो विचारतो. विनोबांनी १९३२च्या फेब्रुवारी ते जून या काळात धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. तिथे सतराव्या अध्यायाच्या निमित्ताने आहारशुद्धीचा विचार आला तोही एकटा आला नाही, सगळे जीवन यज्ञरूप करण्याच्या विचाराला जोडून आला. तेव्हा प्रश्न दोन आहेत. हा पदार्थ हितकर आहे का, हा एक. हा व्यवहार शुद्ध आहे का, हा दुसरा. दारूच्या बाटलीवर सगळे खरे छापले म्हणून दारू हितकर होत नाही, आणि पौष्टिक दुधात पाणी घातले की ते पाणी निरुपद्रवी असूनही व्यवहार शुद्ध राहत नाही. कबुली दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. पहिल्याचे उत्तर वैद्यकाकडे मागावे. गांधीजींनीही आपला आक्षेप आरोग्याच्या पुस्तकात मांडला.

दुसरा आक्षेप बौद्ध बाजूने येतो आणि तो अधिक खोल आहे. मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो की चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय. शेवटी ठरते की या भागांच्या जुळणीला दिलेले रथ हे नाव आहे, त्यापलीकडे रथ नावाची वेगळी वस्तू हाती लागत नाही. सगळ्याच वस्तू अशा जुळण्या असतील, चहा म्हणजे तरी पान, पाणी आणि आच एवढेच असेल, तर शुद्ध चहा असे काही नाही आणि भेसळीचा चहा असेही काही नाही. मग भेसळ करणाऱ्याला दोष का द्यावा? उत्तर त्याच संवादात आहे. नागसेन रथ खोटा ठरवत नाही. नाव व्यवहारात खरे आहे, असेच तो सांगतो, आणि राजा ज्या रथातून आला त्यातूनच परत जाणार असतो. उलट, वस्तूला स्वतःचे अढळ सार नसते म्हणूनच नावाची जबाबदारी वाढते. सार असते तर ते आपणहून बोलले असते. ते नाही म्हणून आपण नावावर विसंबतो, आणि नाव हे बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याला दिलेले वचन होते. गेनमाइचा हे नाव उच्चारताना भाजलेल्या तांदळाचे वचन दिलेले असते. त्यात तांदूळच नसेल तर नुसती उत्तम पानेसुद्धा फसवणूकच ठरतील.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आणि आपल्याला सर्वांत जवळचा. शुद्धता पदार्थात नसून देणाऱ्या-घेणाऱ्याच्या नात्यात असते म्हटले, तर जातीचे सोवळे वेगळे काय म्हणत होते? १८९०च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले यांच्यासारख्या पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता स्वीकार केल्यासारखे केले. गोपाळराव जोशी यांनी नावे छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांच्या दरबारी गेले. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. त्या चहात काही मिसळले आहे असे कोणाचेच म्हणणे नव्हते. तो बाटला तो देणाऱ्या हातामुळे. पुढे गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळी कपबशी बाहेर टांगलेली असे, तिच्यातला चहाही आतल्याच पातेल्यातला असे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे या दलित गृहस्थांच्या हॉटेलात सर्वांदेखत चहा घेतला तेव्हा त्यांनी चहा शुद्ध करून घेतला नाही; नाते शुद्ध केले. म्हणजे दोन्ही बाजू नात्याचेच बोलतात, मग फरक कुठे?

फरक असा की सोवळे नात्याचे नाव घेते आणि पाहते मात्र जन्माकडे. जन्म ही देणाऱ्याची कृती नाही. तो ती कबूल करू शकत नाही, सुधारू शकत नाही, तिच्याबद्दल खरे किंवा खोटे वागू शकत नाही. ज्या बाबतीत माणूस खरे-खोटे करूच शकत नाही त्या बाबतीत त्याला अशुद्ध म्हणणे म्हणजे माणसालाच पदार्थ मानणे आहे. सोवळ्याचा सिद्धान्त वरवर नात्याचा दिसला तरी आतून पदार्थवादीच आहे. विटाळ हा हातातून कपात उतरणारा काही द्रव आहे असे तो धरून चालतो. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या मनीषापंचकाच्या कथेत काशीच्या वाटेवर चांडाळ त्यांना हेच विचारतो : दूर हो म्हणता ते कोणाला, अन्नाच्या बनलेल्या या देहाला की आतल्या चैतन्याला? देह दोघांचे एकाच अन्नाचे आणि चैतन्याला तर जागा सोडताच येत नाही. ज्या आचार्यांच्या गादीपुढे चहाचा खटला चालला, त्याच आचार्यांच्या नावाने ही कथा परंपरेने जपली, हे विसरता येत नाही. जपानमध्ये चहाचे आचार्य सेन नो रिक्यू यांच्या परंपरेतल्या दाट माचाच्या समारंभात पाहुणे एकाच वाडग्यातून पाळीपाळीने पितात. पण त्याच देशात कातडे कमावणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवले गेले, त्यांचे हीन स्थान कायद्याने रद्द व्हायला १८७१ उजाडले. चहा कोणाला आपोआप उदार करत नाही. ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. आंबेडकर धुळ्याला न्यायालयाच्या कामासाठी आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. आजही त्या तारखेला तिथे लोक जमतात. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात उपोषण केले. या दोघांचाही आग्रह एवढाच होता की शुद्धतेचा हिशेब जन्मावरून काढून वर्तनावर आणावा.

कबुली पुरेशी असते का, ही शंका अजून उरते. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले सत्य कोण वाचतो? वाचले तरी ज्याच्या खिशात दुसऱ्या वस्तूचे पैसेच नाहीत त्याला ते कळून काय उपयोग? शंका रास्त आहे आणि तिने सिद्धान्त मोडत नाही, कडक होतो. कबुली घेणाऱ्याला वेळेवर, त्याला कळेल अशा रीतीने आणि नकार देण्याची मुभा ठेवून दिलेली असली पाहिजे. भाव ठरल्यानंतर सांगितलेले सत्य ही कबुली नव्हे. कळणा या कसोटीला सहज उतरतो, कारण रंगच सर्व सांगतो. ९१६चा शिक्का उतरतो तो तपासणारी यंत्रणा खरी असेल तोवर. गरिबीने लादलेल्या मिसळीचे कौतुक करण्याचे मात्र कारण नाही. तांदूळ हौसेने मिसळला की नाइलाजाने, यावरून त्या घरची स्थिती कळते. शुद्धता कळत नाही.

हा विचार शेवटपर्यंत नेला तर तो एका अडचणीच्या जागी पोहोचतो. लपवलेली मिसळ म्हणजे भेसळ असेल, तर आपण निर्भेळ आहोत असा दावा करणारा समाज, पंथ किंवा भाषा यांचे काय? जपानात हजारभर वर्षे बुद्ध आणि तिथले मूळ देव एकाच आवारात पुजले जात होते; आपली सरस्वती तिथे बेन्झाइतेन होऊन नांदत होती. १८६८ मध्ये नव्या सरकारने दोन्ही धर्म वेगळे करण्याचा हुकूम काढला, आणि शुद्धीच्या त्या लाटेत असंख्य मूर्ती, ग्रंथ आणि मंदिरे नष्ट झाली. मिसळ उघड होती तोवर तिने कोणाचे वाईट केले नव्हते. ती नाकारली गेली तेव्हा मोडतोड सुरू झाली. याच्या उलट उदाहरण धुळ्याचे आहे. इतिहासाचार्य राजवाडे परंपरेचे कट्टर अभिमानी, पण भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास मांडताना पूर्वजांच्या ज्या चालीरीती आज ऐकवणार नाहीत त्याही त्यांनी पुराव्यासह मांडल्या आणि त्याबद्दल रोष पत्करला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते गेले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच गावात त्यांची दप्तरे सांभाळते. त्यांचा प्रत्येक निष्कर्ष आज मान्य होईल असे नाही, पण आपल्या परंपरेत काय काय मिसळले आहे हे सांगायला ते कचरले नाहीत, आणि त्याने परंपरा बाटली नाही. मराठी, गुजराती आणि भिली यांच्या शेजाराने घडलेल्या अहिराणीला अशुद्ध मराठी म्हणणारा स्वतःच्या मराठीतले फारसी, कानडी, पोर्तुगीज शब्द मोजत नाही. भेसळ त्या हिशेबात आहे, अहिराणीत नाही. धर्माला शुद्ध राहायचे असेल तर त्यानेही आपल्यात काय काय मिसळले आहे ते उघडपणे सांगावे. ज्याला तेवढे सांगवत नाही, त्याने दुसऱ्याच्या कपात काय आहे ते विचारू नये.